घर पाहावे घेऊन

न्यू मेक्सिको राज्यातल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर राज्याच्या नावाला जोडून 'यूएसए' असं छापलेलं असतं. ओहायोला किंवा न्यू जर्सीला अशी ग्वाही द्यावी लागत नाही. न्यू मेक्सिको १९१२ साली अमेरिकेचं ४७वं राज्य झालं, पण ही बातमी अजून सगळीकडे पोचायची आहे. 'न्यू मेक्सिको मॅगझीन' या तिथल्या मासिकात तर या राज्याला परदेश समजणाऱ्यांच्या किश्शांचं एक सदरच वर्षानुवर्षं चालू आहे. आम्ही न्यू जर्सीतलं एडिसन सोडून तिकडे कायमचे राहायला जाणार असं जाहीर केलं, तेव्हा त्या सदराला वर्षभर पुरेल एवढा मजकूर आमच्या मित्रमंडळींनी एका संध्याकाळी पुरवला. एकाने विचारलं, "व्हिसाचं काय केलंत?" दुसऱ्याने विचारलं, "तिकडे डॉलर चालतो ना?" तिसरा जाणकार होता. तो म्हणाला, "मेक्सिकोत हल्ली बरेच लोक जातात म्हणे. स्वस्त पडतं." एका वहिनींनी मात्र हिचा हात हातात घेऊन काळजीच्या सुरात एवढंच विचारलं, "अगं, कोथिंबीर कुठून आणशील?"

एडिसनमधला मराठी माणूस साठीला टेकला की त्याचे गुडघे बर्फाविषयी बोलू लागतात. मग तो फ्लोरिडाला जातो, टेक्सासला जातो, नाहीतर नॉर्थ कॅरोलायनात मुलाच्या घराशेजारी घर घेतो. तिथेही महाराष्ट्र मंडळ असतं, गणपती असतो, देशी दुकान असतं आणि मंडळाच्या निवडणुकीवरून दोन गट असतात. माणूस हलतो, त्याचं बाकी काहीच हलत नाही. मला जरा बरंच हलायचं होतं. माझी यादी तयार होती: शांतता, निळं आकाश, मातीचं घर, लांब अंतरावर शेजारी आणि कुणाला आपला पत्ता नसणं. हिनेही यादी केली होती: नळाला पाणी, जवळ दवाखाना आणि कोथिंबीर. यादी वाचून मी हसलो. रत्नागिरीची माणसं मुळातच फार अपेक्षा ठेवत नाहीत, असं माझं मत आहे. ते मी मोठ्याने बोलत नाही.

आम्ही निवडलं ते सिल्व्हर सिटी. न्यू मेक्सिकोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं, दहाएक हजार वस्तीचं गाव. उत्तरेला गिला नावाचं अफाट जंगल. अमेरिकेने १९२४ साली 'इथे रस्ता नाही, मोटार नाही, काही नाही' म्हणून राखून ठेवलेलं पहिलं अरण्य. गावाची उंची समुद्रसपाटीपासून ५,९०० फुटांच्या आसपास. आपली कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे इथला माणूस कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला निघतो तोच मुळी कळसूबाईच्या पाचशे फूट वरून. सुरुवातीला मला जिना चढताना धाप लागायची, तेव्हा मी हा हिशेब सांगत असे. ही म्हणायची, "अहो, कळसूबाईवर लोक चढून जातात. तुम्ही तर सोफ्यावरून उठलात."

या गावाचा इतिहास म्हणजे बाहेरून आलेल्या माणसांच्या फजितीची यादी आहे. जो आला तो एक शोधत आला आणि दुसरंच घेऊन बसला. १८७०मध्ये चांदी सापडली म्हणून लोक धावले, गावाला चांदीचं नाव दिलं. १८९३ला चांदीचे भाव कोसळले आणि गावाला जगवलं ते तांब्याने. मग क्षयरोगी आले. कोरडी, उंचावरची हवा फुप्फुसांना बरी म्हणून जवळच्या फोर्ट बेयार्ड इथे अमेरिकन लष्कराने १८९९ साली क्षयरोग्यांसाठी रुग्णालय काढलं. बिली द किड हा पुढे नामचीन झालेला दरोडेखोर लहानपणी इथेच होता. त्याची आई क्षयानेच १८७४ला गेली, इथेच पुरली आहे. पुढच्या वर्षी एका चिनी धोब्याच्या दुकानातले कपडे चोरल्याबद्दल त्याला अटक झाली आणि तो तुरुंगाच्या धुराड्यातून निसटला. आज त्याच्या नावाने पर्यटकांना जी लाकडी झोपडी दाखवतात, ती २००३ सालच्या 'द मिसिंग' या सिनेमाच्या सेटवरची आहे. गावात खुद्द दरोडेखोराचंही स्वतःचं घर टिकलेलं नाही, हे आम्ही घर घ्यायला निघण्यापूर्वी कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि या सगळ्यांच्या आधी इथे अपाची लोक राहत होते. त्यांनी हे गाव कुणालाही विकलं नव्हतं, पण त्या व्यवहाराची कागदपत्रं कुणी मागत नाही.

सगळ्यांत मोठी फजिती झाली ती मेन स्ट्रीटची. आसपासच्या डोंगरांवरची झाडं लोकांनी तोडून जाळली, उरलेलं गवत गुरांनी फस्त केलं. १८९५च्या जुलैत डोंगरावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि पाण्याचा लोंढा भर बाजारपेठेतून गेला. १९०३ला पुन्हा गेला. होता होता रस्त्याच्या जागी मूळ पातळीपेक्षा ५५ फूट खोल नाला झाला. दुकानांची पुढची दारं उघडली की समोर दरी! गावाने शोकसभा घेतली नाही. मागच्या बाजूला बुलार्ड स्ट्रीट होता. लोकांनी मागची दारं पुढची केली, पाट्या इकडच्या तिकडे लावल्या आणि धंदा सुरू ठेवला. नाल्याचं नाव ठेवलं 'बिग डिच', आणि तिथे बाग केली. आता तिथे बाकं आहेत, झाडं आहेत, खाली पाण्याची बारीक धार आहे. गावात नव्या आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात ही गोष्ट निदान चौघेजण सांगतात, आणि प्रत्येक जण असं सांगतो की जणू रस्ता काल वाहून गेला आणि तो स्वतः खिडकीत उभा होता.

आमच्या एजंटबाई साठीच्या पुढच्या. पाठीवर लांब पांढरी वेणी, पिकअप ट्रक आणि पुढच्या सीटवर कुत्रा. कुत्रा मागे जायला तयार नसे, म्हणून आम्ही मागे. बाई मूळच्या विस्कॉन्सिनच्या. तरुणपणी पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या. या गावात कुणालाही विचारा, तो पंधरा दिवसांसाठीच आलेला असतो. बाई घराविषयी कमी आणि घरातल्या माणसांविषयी जास्त बोलत. "हे घर चांगलं आहे, पण इथे राहणाऱ्याचं तीनदा लग्न मोडलं." दुसऱ्या घरासमोर ट्रक थांबवून म्हणाल्या, "इथे सगळे दीर्घायुषी. पण छप्पर नाही."

घरांचे प्रकार मोजके. टेकडीवर खाणकामगारांची जुनी घरं. दारापर्यंत पोचायला इतक्या पायऱ्या की फ्रीज वर नेणारा माणूस तो तिथेच सोडून जातो, आणि म्हणून त्या घरांबरोबर जुना फ्रीज फुकट मिळतो. खाली विटांची व्हिक्टोरियन घरं. देखणी, आणि दुरुस्तीला हत्ती. गावाबाहेर कारखान्यात तयार होऊन ट्रकवरून आलेली घरं, ती बघताना ही सारखी विचारायची, "पुन्हा नेणार नाहीत ना?" एक घर तर आम्ही जवळजवळ पसंतच केलं होतं. दोन एकर जागा, समोर डोंगर, माणसाचा मागमूस नाही. पाण्याचं विचारलं तर कळलं की बोअर सामाईक आहे. तीन घरांत एक बोअर, आणि त्यातल्या दोन घरांत बारा वर्षं बोलणं बंद. पंप बिघडला की दोघंही तिसऱ्या घराशी बोलतात. ते तिसरं घर विकायला काढलं होतं.

शेवटी ते मातीचं घर आलं. इथे त्याला ॲडोबी म्हणतात. माती, वाळू आणि गवत कालवून साच्यात घातलेल्या, उन्हात वाळवलेल्या विटा. एक वीट साधारण १४ इंच लांब, १० इंच रुंद, ४ इंच जाड, आणि उचलली तर तीसेक पौंडांची. भिंती फूटभर जाड. वर गोल लाकडी तुळया, त्यांच्यावर आडव्या काटक्या, त्यांच्यावर सपाट छत, छताला चारी बाजूंनी कठडा, आणि पाणी जायला भिंतीतून बाहेर काढलेल्या पन्हळी. बाई हे सगळं एखाद्या देवळात फिरवावं तसं हळू आवाजात दाखवत होत्या. मी मात्र भिंतीला हात लावून गप्प उभा. जळगाव जिल्ह्यात आमच्या गावी आजोबांचं धाब्याचं घर होतं. हेच सगळं! मातीच्या भिंती, लाकडाचे सर, वर माती, पावसाळ्याच्या आधी धाब्यावर पांढरी माती पसरून चोपायची, आणि तरीही आषाढात चुलीशेजारी पातेलं ठेवायचं. त्या घरातून बाहेर पडण्यात माझ्या वडिलांची उभी हयात गेली. आधी पत्रे आले, मग स्लॅब आला, मग जळगावात फ्लॅट. मी त्याहून पुढे गेलो, समुद्र ओलांडला, एडिसनला लाकडी घरात तीन बाथरूम केल्या. आणि आता तीन पिढ्यांच्या प्रगतीनंतर मी धाब्याखाली उभा राहून एका विस्कॉन्सिनच्या बाईला विचारत होतो की यात काही कमी होईल का. मी जळगावला चुलत भावाला फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, "दादा, पैसे कमी पडत असतील तर सांग. संकोच करू नको."

छतावर एक पत्र्याचा चौकोनी डबा होता. बाई म्हणाल्या, "हे जरा वेगळं यंत्र आहे. तुम्ही पूर्वेकडचे, तुम्हाला माहीत नसेल. यात पाणी असतं, ते गवताच्या जाळीवरून झिरपतं, आणि पंखा त्यातून हवा आत ढकलतो." माणसाच्या आयुष्यात ज्ञान पाजळायचे प्रसंग फार थोडे येतात. मी जळगावचा. आमच्याकडे मे महिन्यात कूलर हा घरातला कर्ता पुरुष असतो. मी बाईंना पंप का अडकतो, जाळीला क्षार कसे धरतात, खिडकी किती उघडी ठेवायची, आणि पावसाळा लागला की हवा दमट होऊन हाच डबा नुसता घाम कसा फेकतो, हे सगळं सविस्तर ऐकवलं. बाई अवाक झाल्या. "न्यू जर्सीत हे शिकवतात?" त्यांनी विचारलं. कुत्र्यानेही त्या दिवशी मला पहिल्यांदा पुढची सीट दिली.

एक गोष्ट बाईंनी कधीच काढली नाही. आम्ही घरं पाहिली ती ऑक्टोबरात. आकाश निळंशार, हवा स्तब्ध, टेकड्यांवर ऊन. वसंत ऋतूबद्दल विचारलं की बाई म्हणत, "उजेड फार सुंदर असतो." मार्च-एप्रिलमध्ये इथे वारा सुटतो, आणि तो वारा म्हणजे झुळूक नव्हे. कचऱ्याचे डबे शेजाऱ्यांच्या ओळखी करून येतात. लॉर्ड्सबर्गजवळच्या कोरड्या तळ्यावरची धूळ उठली की दिसेनासं होतं आणि हमरस्ता बंद करावा लागतो. त्या दिवसांत एजंट लोक घरं दाखवायला फारसे उत्सुक नसतात. त्यांच्या स्वतःच्या घरातली कामं निघतात.

घराची तपासणी करायला एक गृहस्थ आले. अशी माणसं कुठलीच गोष्ट खराब आहे असं म्हणत नाहीत. त्यांच्या अहवालात छत 'सेवाकालाच्या अखेरीकडे झुकलेलं' होतं. हिने विचारलं, "छताचं वय किती?" ते म्हणाले, "वीसेक वर्षं." ही माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, तुमच्यापेक्षा कितीतरी लहान आहे." मग त्यांनी भिंतीवर टिचकी मारून दाखवली. बाहेरून सिमेंटचा गिलावा होता. मातीच्या भिंतीला ओल लागली तर ती पुन्हा सुकायला हवी. सिमेंटचं चिलखत घातलं की आतली ओल आतच राहते आणि भिंत आतून हळूहळू पुन्हा माती व्हायला लागते. जुनी माणसं दरवर्षी-दोन वर्षांनी मातीनेच लिंपायची, त्यात कष्ट होते पण घर जगायचं. नव्यांनी एकदाच सिमेंट फासलं आणि निश्चिंत झाले. आजोबांनी हे मला सारवताना सांगितलं होतं. त्यासाठी इथे मी चारशे डॉलर दिले.

मग कागदपत्रं. इसार दिला, सर्च झाला, आणि टायटल कंपनीतल्या बाईंनी गोड हसून सांगितलं की जमीन आमची, पण जमिनीच्या पोटातल्या खनिजांचे हक्क शंभर वर्षांपूर्वीच वेगळे काढून दुसऱ्याच्या नावावर झालेले आहेत. इथे हे चालतं. वरची कातडी एकाची, आतलं काळीज दुसऱ्याचं. मी विचारलं, "म्हणजे उद्या खाली तांबं निघालं तर?" बाई म्हणाल्या, "गावात सहसा कुणी खणत नाही." त्या 'सहसा'ने माझी झोप उडाली, कारण पूर्वेला पंधराएक मैलांवर सांता रीटा नावाचं गाव होतं. होतं, म्हणजे जिथे होतं ती जागाच आता नाही. १९१०पासून तिथे तांब्याची उघडी खाण सुरू झाली, खड्डा रुंदावत गेला आणि गाव त्यात उतरलं. घरं, शाळा, रस्ते, सगळं. आज तो खड्डा पावणेदोन मैल रुंद आहे. तिथे जन्मलेल्या लोकांची जन्मभूमी म्हणजे आता नुसती हवा. म्हणून त्यांनी आपली एक संघटनाच काढली, अंतराळात जन्मलेल्यांची! आणि गंमत बघा, १९३५ साली याच सांता रीटात जन्मलेला आणि सिल्व्हर सिटीत वाढलेला हॅरिसन श्मिट १९७२ला अपोलो १७मधून चंद्रावर उतरला. चंद्रावर त्याच्या पावलांचे ठसे शाबूत आहेत. जन्मगावी नाहीत.

न्यू मेक्सिकोत लग्नानंतर घेतलेली मालमत्ता नवरा-बायको दोघांची सामाईक धरतात, आणि घराच्या व्यवहारावर दोघांच्या सह्या लागतात. हा नियम हिला फार आवडला. पेन हातात धरून ती म्हणाली, "छत आधी. तुमची लायब्ररी नंतर." मी मान हलवली तेव्हा पेन कागदाला टेकलं.

या राज्याचा आणखी एक नियम मला त्याहून आवडला. घर केवढ्याला गेलं हा आकडा इथे जाहीर होत नाही. खरेदीची किंमत कर आकारणाऱ्या कचेरीला कळवायची, पण ती गुप्त राहते. कुणी नोंदी चाळून तुमचं घर केवढ्याचं हे शोधू शकत नाही. न्यू जर्सीत तर शेजाऱ्याने दिलेली किंमत आपण चहा पिता पिता फोनवर बघतो आणि मग आठवडाभर उदास राहतो. इथे कायद्यानेच झाकली मूठ. दुसऱ्या दिवशी मी टॉर्टिया घ्यायला गेलो. गल्ल्यावरच्या बाईंनी मोड परत देताना आकडा सांगितला, वर सल्ला दिला की आठ हजार जास्त दिलेत. मागे रांगेत उभे असलेले गृहस्थ म्हणाले, "छत धरून सहा." मग तिघांत थोडी चर्चा होऊन ती सातावर मिटली.

घर आमच्या नावावर झालं, पण आमच्या नावाने नाही. गावात त्याचं नाव 'वेल्डरचं घर'. वेल्डर १९८८ साली गेला. त्याच्यानंतर तिथे एक शिक्षिका राहिली, एक कुंभारकाम करणारं जोडपं राहिलं, एक जण नुसताच राहिला. त्यांची कुणी दखल घेतली नाही. मी पत्ता सांगू लागलो की लोक मध्येच थांबवतात, "म्हणजे वेल्डरच्या घरात राहता!" पाहुणा म्हणून आल्यासारखं वाटतं. छताचं काम करणारा मिस्त्री आला तेव्हा तर त्याने आमच्या घरात आम्हालाच फिरवलं. ही खिडकी वेल्डरने कुठल्या बसची काढून बसवली, या भिंतीत कुणाच्या जन्माची तारीख कोरली आहे, स्वयंपाकघराचा उतार कुठल्या बाजूला आहे म्हणजे सांडलेलं दूध कुठे गोळा होईल. दोन कॉफ्या पिऊन तो उठला, शिडी न लावताच म्हणाला, "पावसाआधी करू." कुठल्या पावसाआधी हे मी विचारायला हवं होतं असं ही म्हणते.

हो, इथे मान्सून असतो. आम्हीही आधी हसलो. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने रीतसर १५ जून ते ३० सप्टेंबर हा मान्सूनचा काळ ठरवून दिला आहे, आणि लोक तारखेप्रमाणे आकाशाकडे बघू लागतात. वर्षाचा एकूण पाऊस पंधरा-सोळा इंच, आणि त्यातला बराचसा याच दिवसांत. हिने आकडा ऐकून डोक्याला हात लावला. "एवढा आमच्या रत्नागिरीत नळ सोडून आत जाऊन येईपर्यंत पडतो." पहिला पाऊस आला जुलैत, दुपारी. गल्लीतले सगळे लोक खुर्च्या घेऊन ओसरीवर बसले, जणू तिकीट काढलं होतं. वीस मिनिटं ढग ओतले. एरवी नुसता वाळूचा पट्टा असलेला ओढा लाल पाणी घेऊन धावू लागला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवत नव्हतो आम्ही दोघंच. आम्ही आत होतो. ही अजिबात न गोंधळता कोकणातल्या सराईतपणे घरभर पातेली मांडत होती. कुठलं पातेलं कुठे हे ती थेंबाच्या आवाजावरून ठरवायची. माझ्या पुस्तकांच्या खोक्यावर तिने ताडपत्री टाकली आणि म्हणाली, "तुमचं धाबं आलं बरं का घरी." त्या दिवशी मिस्त्रीही पाऊस बघत समोरच्या ओसरीवर बसला होता. त्याने आम्हाला हात केला.

शांततेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझ्या यादीत ती पहिली होती. फूटभर मातीची भिंत, वर गिलाव्याखाली लोखंडी जाळी. त्यातून वायफाय पलीकडच्या खोलीत जात नाही. फोन करायचा तर अंगणात डाळिंबाजवळ उभं राहावं लागतं. अंगणात उभा राहिलेला माणूस हा गावाच्या दृष्टीने रिकामा माणूस. मुलीशी फोनवर बोलत असतानाच कुंपणापलीकडून कुणीतरी आपल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची हकिगत सांगू लागतं, आणि मुलगी तिकडून विचारते, "बाबा, मग त्यांना बरं आहे ना आता?" रात्री आठनंतर गल्लीतल्या सगळ्या मोटारींची बॉनेट उघडी असतात. पहिल्या रात्री मला वाटलं की एकाच वेळी सगळ्यांच्या गाड्या बंद पडल्या. कारण निघालं घुशीएवढे उंदीर. उबदार इंजिनात ते घरटं करतात आणि वायरी कुरतडतात; बॉनेट उघडं ठेवलं की त्यांना उघड्यावर संसार मांडल्यासारखं वाटतं आणि ते आत शिरत नाहीत. आता मीही झोपण्याआधी देवाला नमस्कार करतो, दार लावतो आणि बॉनेट उघडतो. हावेलिना नावाचे डुकरासारखे दिसणारे, पण डुक्कर म्हटलं तर जाणकार रागावतात असे प्राणी कुटुंबासह येऊन निवडुंग काट्यांसकट खातात. हरणं भर दुपारी फाटकातून येतात आणि कुंडीतल्या झाडाला तोंड लावण्याआधी आमच्याकडे बघतात. परवानगी मागत नसतात. वेल्डर कुठे आहे हे बघत असतात.

आणि कोथिंबीर! शेजारी मेक्सिको, निम्म्या गावाचं स्वयंपाकघर त्याच वळणाचं. कोथिंबिरीच्या जुड्या, हिरव्या मिरच्या, लिंबं, जिरं, राजम्याची भावंडं, सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात. फक्त कढीपत्ता आणि हिंग यांच्यासाठी अडीच तास गाडी हाकत एल पासोला जावं लागतं. सप्टेंबरात हॅचकडच्या मिरच्या येतात, तेव्हा दुकानांबाहेर लोखंडी जाळीचे पिंप गॅसच्या ज्वाळांवर गरगर फिरतात आणि गावभर भाजक्या मिरचीचा वास सुटतो. इथे हॉटेलात बसलं की लाल की हिरवी असं विचारतात. हा राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, विधिमंडळाने मान्य केलेला. दोन्ही हवं असेल तर 'ख्रिसमस' म्हणायचं. हिने त्या भाजक्या मिरच्यांचा लसूण-शेंगदाणे घालून ठेचा केला आणि शेजारच्या आजींकडे वाटीभर दिला. सोबत सूचना दिली की जरा जपून. आजींची पाचवी पिढी इथली. त्यांनी चमचाभर खाल्ला, विचार केला आणि विचारलं, "छान झालंय. तिखट नंतर घालतेस का?"

उन्हाला इथे तोड नाही. माझ्या हट्टाखातर ज्वारीच्या बिबड्या केल्या, नव्या छतावर स्वच्छ धोतर अंथरून वाळत घातल्या, दुपारपर्यंत खडखडीत. मिस्त्री काहीतरी विसरलेलं न्यायला आला, शिडीवरून छतावर गोल गोल चकत्या ओळीने पाहून बराच वेळ उभा राहिला. खाली उतरून गंभीरपणे म्हणाला, "ठिगळं चांगली लागली आहेत. कुठल्या कंपनीची?"

हल्ली ही अधूनमधून दोन्ही याद्या काढते. तिची पूर्ण झाली आहे: नळाला पाणी आहे, दवाखाना जवळ आहे, कोथिंबीर तर अंगणात हरणं खाऊन उरते. माझ्या यादीतलं फक्त आकाश आलं. शांतता नाही, शेजारी लांब नाहीत, आणि माझा पत्ता नसलेला माणूस गावात नाही. तरी गाव सोडायचा विषय मी काढत नाही, कारण मग हरणांना कोण हाकलणार, आणि आजींच्या गुडघ्याचं पुढे काय झालं ते कळणार कसं?

परवा समोरचं घर बघायला सिअॅटलहून एक तरुण जोडपं आलं. आमच्याच एजंटबाई, तोच ट्रक. कुत्रा आता म्हातारा झालाय, पण सीट तीच. महिना ऑक्टोबर. त्या मुलीने कुंपणाशी येऊन मला विचारलं की वसंतात हवा कशी असते. बाईंनी पलीकडून माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "उजेड फार सुंदर असतो."

त्यांनी ते घर घेतलं. किंमत मला संध्याकाळी टॉर्टियाच्या दुकानात कळली. बारा हजार जास्त दिले. आमच्या घराचा आकडा मात्र मी इथे लिहिणार नाही. कायद्याने तो गुप्त आहे आणि मी कायदा पाळणारा माणूस आहे. अगदीच चैन पडत नसेल तर सिल्व्हर सिटीला या, बुलार्ड स्ट्रीटवर पहिला जो कोणी भेटेल त्याला विचारा. फक्त माझं नाव सांगू नका. वेल्डरचं घर म्हणा.